बूड न पाहिलेली छत्री

पांढरकवड्याच्या श्रीकृष्णराव मोहरिलांच्या 'छत्रीघर' या वेबसाइटवर सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं उत्तर होतं 'माहीत नाही', आणि या गोष्टीचा श्रीकृष्णरावांना अभिमान होता. तहसील कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला हे उत्तर तोंडपाठ असणारच, असं त्यांच्या पत्नी सुचित्राताई म्हणत. पण कचेरीतलं 'माहीत नाही' वेगळं आणि हे वेगळं. कचेरीत ते समोरचा माणूस जावा म्हणून होतं. इथं तो जगावा म्हणून होतं.

साइट रानातल्या भूछत्रांची. पावसाळा चांगला लागला की या भागात बांधांवर, झुडपांखाली, वारुळांवर छत्र्या फुटतात. त्यांतली वारुळावरची सात्या म्हणजे मटणाला खाली बसवणारी भाजी. तिच्यासाठी लोक उजाडायच्या आत रान गाठतात. पण तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक असते. ती खाल्लेला माणूस संध्याकाळपर्यंत खुशाल ढेकर देत बसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचं यकृत जातं. फरक काय तो बुडाशी, मातीत. वरून पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणी.

म्हणून साइटचा नियम कडक होता. फोटो वरून हवा, खालून हवा, उभा चिरून हवा आणि बूड मातीसकट उकरून हवं. एवढं झाल्यावर तीन जुन्या सभासदांनी, एकमेकांना न विचारता, तेच नाव लिहिल्याशिवाय कोणीही 'खा' हा शब्द लिहायचा नाही. एकाला जरी शंका आली तर उत्तर 'माहीत नाही', विषय संपला. नागपूरच्या एका गृहस्थांनी चिडून लिहिलं होतं, तुमचं उत्तर येईपर्यंत भूछत्र कुजतं. श्रीकृष्णरावांनी कळवलं, कुजू द्या, त्याला सवय आहे.

हा नियम त्यांचा स्वतःचा नव्हता. तो मन्सूरभाईंचा. मन्सूर शेख यांचं हायवेला लागून ट्रक-ट्रॅक्टरचं गॅरेज. इंजिन बिघडलं की तीन मिस्त्र्यांना एकेक करून आवाज ऐकवायचा, बाजूला नेऊन विचारायचं, आणि तिघांचं एकच निघालं तरच बोल्टला पाना लावायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची गॅरेजची रीत. "मानूस काय इंजिनापेक्षा सस्ता हाय का साहेब?" असं म्हणून मन्सूरभाईंनी ती साइटला लावली. दोघांची ओळखही रानातलीच. श्रीकृष्णरावांची स्कूटर वारुळाजवळ बंद पडली, दुरुस्तीला मन्सूरभाई आले, आणि स्कूटर तशीच ठेवून दोघं दुपारपर्यंत वारूळ पाहत बसले. साइट बांधून दिली श्रीकृष्णरावांच्या मुलानं, साकेतनं, पुण्याला नोकरीवर जाण्याआधी.

बरीच वर्षं तिथं मोठी वर्दळ होती. घाटंजीचे गुरुजी, झरीकडचे वनरक्षक, दोन प्राध्यापक, एक डाळमिलवाले. भांडणं तर अशी होत की एका बुरशीच्या नावावरून दोन्ही प्राध्यापक एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत. पण चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन 'मी चुकलो' असं लिहून जात असे. ते लिहिलेलं तिथंच राही. दहा वर्षांनी कोणी त्याच भूछत्राचं नाव शोधलं तर आधी ती चूक वाचायला मिळे आणि मग दुरुस्ती.

पुढे मन्सूरभाईंच्या पुतण्यानं, शादाबनं, फेसबुकवर 'विदर्भ छत्रीप्रेमी' नावाचा ग्रुप काढला. बघता बघता हजारो लोक जमले. ग्रुपवर सकाळी शुभ सकाळ असे, दुपारी वाढदिवस, संध्याकाळी केस उगवण्याचं तेल, आणि मधूनमधून भूछत्रही. शादाबनं काकांचे व्हिडिओ काढले: काका रानात चालताहेत, काका वाकून पाहताहेत, काका गूढ हसताहेत. मन्सूरभाई उस्ताद झाले. छत्रीघरचे सभासद एकेक करून तिकडे गेले. जाताना कोणी निरोप घेतला नाही, कारण कोणाला आपण कुठं चाललोय असं वाटलंच नव्हतं. श्रीकृष्णरावही आठवडाभर ग्रुपवर राहून आले. त्यांनी एका फोटोखाली 'बूड दाखवा' असं लिहिलं, तर खाली हसणारी तोंडं इतकी उगवली की त्यांनी ग्रुप सोडला.

साइट बंद पडली असं मात्र म्हणता येणार नाही. तिघं जमत नव्हते, एवढंच. श्रीकृष्णराव आपलं मत लिहीत आणि दुसऱ्याची वाट पाहत. सलग दोन पावसाळे तिथं एकही भूछत्र ओळखलं गेलं नव्हतं. नियम मात्र तंतोतंत पाळला जात होता.

ऑगस्टातल्या एका सकाळी साइटवर फोटो आला. टोपलीभर पांढुरक्या छत्र्या, वरून काढलेला एकच फोटो. मुकुटबनहून केतकी राठोड नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, 'नमस्कार काका. सासूबाईंनी आणल्यात. खातात का ह्या?'

श्रीकृष्णरावांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा निवू दिला. बाकीचे फोटो कसे काढावेत हे त्यांनी सविस्तर, क्रमवार लिहून पाठवलं. उत्तर आलं तेव्हा ते पूजेला बसायच्या बेतात होते.

'राहू द्या काका. फेसबुकवर मन्सूर उस्तादांनी सांगितलं, सात्याच आहे म्हणून. फोडणी दिली. थँक्यू.'

सुचित्राताईंच्या फोनवरून त्यांनी ग्रुप उघडला. तोच फोटो. खाली ओळीनं 'सात्या', 'सात्या', 'मस्त', 'पार्सल पाठवा', बदाम, अंगठे, आणि मधोमध मन्सूर शेख: 'सात्याच हाय. खा बिनधास्त.' त्या एका वाक्याला मिळालेले अंगठे छत्रीघरला सगळ्या आयुष्यात मिळाले नसतील.

"पूजा?" सुचित्राताईंनी विचारलं.

"तू कर," म्हणून श्रीकृष्णरावांनी स्कूटर काढली.

मन्सूरभाई ट्रॅक्टरखाली होते. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"मन्सूरभाई, बाहेर या."

"अरे, साहेब! आज रस्ता चुकले का काय?"

"बूड पाहिलं होतं का?"

"कोनाचं?"

"मुकुटबनच्या फोटोतलं."

मग मन्सूरभाई बाहेर आले, उठून बसले आणि हात पुसू लागले. हात पुसून झाले तरी पुसतच राहिले.

"फोटोत बूड होतंच कुठं," ते म्हणाले.

"मग 'खा' काहून लिहिलं?"

"सकाळपासून मांगं लागले होते साहेब. उस्ताद बोला, उस्ताद गप्प काहून. एकानं तं लिवलं, उस्तादले बी नाही येत. पन्नास जन सात्या सात्या म्हनून राह्यले होते. दिसते बी सात्यासारखी. असन ना सात्याच."

'असन.' इतक्या वर्षांत भूछत्राच्या बाबतीत मन्सूरभाईंच्या तोंडून हा शब्द श्रीकृष्णरावांनी कधी ऐकला नव्हता. मन्सूरभाईंनीही तो आत्ताच ऐकला असावा. त्यांनी फोन काढून आपलं वाक्य पुसून टाकलं. त्यानं काही झालं नाही. 'उस्तादांनी ओके दिलं' असं खाली आणखी कोणी कोणी लिहून ठेवलं होतं. केतकीला संदेश पाठवला, तो तिनं पाहिला नाही. तिचे हात कढईत असतील. फोन नंबर कोणाकडेच नव्हता. हजारो लोक तिला ओळखत होते, आणि तिचं घर एकालाही ठाऊक नव्हतं.

एका गिऱ्हाइकाची पिकअप दुरुस्त होऊन उभी होती. मन्सूरभाई तीत चढले, शेजारी श्रीकृष्णराव. शादाब धावत आला.

"चाचा, कुठं निघाले? पाच वाजता लाइव्ह हाय आपलं!"

"तू कर," मन्सूरभाई म्हणाले.

वाटभर पाऊस आल्यासारखा येत होता आणि गेल्यासारखा जात होता. दोन्ही बाजूंना कपाशी. एकदा मन्सूरभाईंनी गिअर बदलता बदलता विचारलं, "खाल्लं नसन अजून, काहो?" श्रीकृष्णरावांना 'नसेल' म्हणावंसं वाटलं. मित्राला धीर द्यायला एवढं म्हणायला काय हरकत होती? पण ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

मुकुटबनला एका किराणा दुकानदारानं घर दाखवलं. दारातच एक म्हातारा बाजेवर आडवा होता. हा केतकीचा सासरा, धावजी. त्यानं पाहुण्यांकडे पाहून एक लांब, समाधानी ढेकर दिला.

"जेवले का बाबा?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"झालं की मघाच. तुमी कोन?"

आतून केतकी आली, थबकली आणि ओरडलीच. "अगोबाई! उस्ताद! सासूबाई, उस्ताद आले आपल्या घरी! थांबा, थांबा, आत नका येऊ, मी आधी फोन आणते."

ती फोन घेऊन आली. तो समोर धरूनच तिनं दोघांना आत घेतलं. "बघा मंडळी, कोण आलंय आमच्याकडे," ग्रुपवर लाइव्ह लावून ती फोनला सांगत होती. श्रीकृष्णरावांना तिनं जरा सरकायला सांगितलं, तेव्हा आपण चौकटीत येत नाही म्हणून, असं त्यांना वाटलं. येत होतो म्हणूनच सांगितलं, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

हंसाबाई, धावजीची बायको, पदर सावरत आली. "तुमच्या शब्दावर आमी तिघांनी खाल्ली बरं, पोरगा बाहेरगावी हाय," ती मन्सूरभाईंना म्हणाली. "माया मायले समद्या छत्र्या वळखू येत. मले नाही येत. सुनेनं इचारलं तुमाले, म्हनून चुलीवर चढवली. बसा, तुमच्यासाठी ठेवली हाय."

"एखादी कच्ची उरली का बाई? बुडासकट?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

"बुडं तं रानातच मोडली. मातीची कशी आनायची?"

म्हणजे आता कोणी काही सांगू शकणार नव्हतं. तीन सभासद नाहीत की तीनशे नाहीत. कढईत फक्त मसाला आणि तुकडे होते. श्रीकृष्णराव जमेल तितक्या शांतपणे सांगू लागले, की सात्या असेल तर उत्तम, पण दुसरी असेल तर आज काही कळायचं नाही. उद्या कळेल, आणि उद्या उशीर झालेला असेल. तुम्ही तिघांनी आत्ताच्या आत्ता आमच्याबरोबर दवाखान्यात चलावं.

"आमी तं बरे हाओ," हंसाबाई म्हणाली.

"आज बरंच वाटणार. तेच सांगतोय."

"बरं वाटून राह्यलं म्हनून दवाखान्यात जायचं?" बाजेवरून धावजी हसला. "कचेरीतले हायत का हे?"

"हे ते साइटवाले काका," केतकीनं फोनला आणि सासऱ्याला एकदमच समजावलं. "चार फोटो मागतात आणि मग माहीत नाही म्हणतात."

ती खट्याळपणे हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तोवर हंसाबाईनं मन्सूरभाईंसमोर ताट ठेवलं. ज्वारीची भाकर, कांदा आणि वाटीत ती भाजी. वास असा होता की रागावलेल्या माणसालाही भूक लागावी.

मन्सूरभाईंनी ताटाकडे पाहिलं, मग फोनकडे. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि भाकर मोडली.

श्रीकृष्णरावांना तेव्हा उमगलं, की हा माणूस खाणार आहे. तो घास तोंडात घालेल, वा म्हणेल, या लोकांना खात्री पटेल आणि ते घरीच राहतील. हजारो लोकांसमोर 'मी न पाहता बोललो' असं म्हणण्यापेक्षा त्याला त्या तिघांबरोबर एका कढईतलं खाऊन मोकळं होणं सोपं वाटत होतं. ते मरणाला भिणारं मौन नव्हतं, दुसऱ्याच कशाला तरी भिणारं होतं. हात धरावा असं श्रीकृष्णरावांना वाटलं. पण हात धरला असता तर फोनमध्ये फक्त एक कुरकुऱ्या म्हातारा उस्तादांच्या जेवणात खोडा घालताना दिसला असता.

"मन्सूरभाई," ते म्हणाले, "हे तिघं तुमच्याशिवाय कोणाचं ऐकणार नाहीत. माझं तर नाहीच नाही."

घास वाटीत बुडालेला होता. तिथंच थांबला. मग मन्सूरभाईंनी घास ताटात ठेवला, ताट हातानं थोडं दूर सारलं आणि हंसाबाईकडे न पाहता फोनकडे तोंड केलं.

"पोरी, चालू हाय का ते?"

"हो उस्ताद, लाइव्ह आहे."

"बरं. ऐका मंग. ही सात्या हाय का नाही, मले माहीत नाही. सकाळी बी माहीत नव्हतं. म्या बूड पाह्यलं नाही. तुमी लोक बोला बोला म्हने, म्हनून बोललो. बाकी काही कारन नाही." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, तेव्हा ग्रीसचा पट्टा कपाळभर ओढला गेला. "अजून एक. या मोसमात माया शब्दावर जेनं जेनं बूड न दाखवता छत्री खाल्ली असन, अन आज-कालच खाल्ली असन, त्यानं दवाखान्यात जावं. पोट दुखत नसलं तरी जावं. डॉक्टर हसतीन. हसू द्या."

केतकीचा फोन खाली झाला नाही. तिला तो खाली करायचं सुचलंच नसावं. खालून वर सरकणाऱ्या बदामांचा ओघ अजून चालूच होता. बातमी अजून बदामांपर्यंत पोहोचली नव्हती.

हंसाबाई उठली. तिनं वाटी उचलली, कढई उचलली आणि दोन्ही परसात पालथी केली. वर माती लोटली. परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "उठा."

"मी नाही येत. मले काय झालं?"

"उठा म्हनते ना!" ती अशी ओरडली की धावजी चपला घालायचंही विसरला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी रक्त घेतलं, सलाइन लावलं आणि तिघांना दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आणखी माणसं येऊ लागली. घाटंजीकडचं एक जोडपं, एक ट्रकमालक, सगळं कुटुंब घेऊन आलेला एक विमा एजंट. सगळ्यांनी उस्तादांच्या शब्दावर काही ना काही खाल्लं होतं आणि सगळे ठणठणीत होते. आपण ठणठणीत आहोत याचा इतका राग आलेली माणसं त्या व्हरांड्यात याआधी कधी बसली नसतील. एकाला उलटी झाली. ती भीतीची निघाली.

मन्सूरभाई प्रत्येकापाशी जात होते. काय खाल्लं, कधी, किती, हे विचारून डॉक्टरबाईंना सांगत होते. लोक त्यांना बोलून घेत. विमा एजंट बराच वेळ बोलला. बोलून झाल्यावर त्यानं त्यांच्याबरोबर एक फोटोही काढून घेतला. तिकडे ग्रुपवर 'भित्रा उस्ताद' म्हणून चित्रं फिरत होती. 'साइटवाल्यानं पैसे चारले' असं एकानं लिहिलं. शादाबनं काकांना ग्रुपच्या प्रमुखपदावरून काढलं आणि तसं कळवायला तो प्रत्यक्ष दवाखान्यात आला, डबा घेऊन. अमिनाबीनं, मन्सूरभाईंच्या बायकोनं, पाठवलेला डबा होता तो. डबा ठेवून तो काकांशेजारी जरा बसला आणि मग उठून गेला.

दुपारी बाकावर दोघंच होते तेव्हा श्रीकृष्णरावांनी दिवसभर जमवलेलं वाक्य बोलून टाकलं.

"चला परत साइटवर. तुमचं खातं मी बंद केलेलं नाही."

मन्सूरभाईंनी डब्यातली पोळी त्यांच्याकडे सरकवली.

"तिथं कोन हाय साहेब? तुमी एकटे. तुमी खरं बोलता, मान्य हाय. पन एकट्यानं खरं बोलनं सोपं असते हो. कोनी बोला बोला म्हनत नाही तिथं. राग नका मानू."

श्रीकृष्णरावांनी राग मानला. पोळीचे दोन घास होईपर्यंत तो टिकला. मग त्यांना दोन पावसाळ्यांतली आपली सगळी उत्तरं आठवली. किती निगुतीनं लिहिलेली, किती बिनचूक, आणि वाचायला कोणी नाही. मुकुटबनच्या मुलीनं विचारलं तेव्हा त्यांनी तिला फोटो कसे काढावेत ते क्रमवार लिहिलं होतं. 'तोवर चुलीवर ठेवू नका' एवढं लिहायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. सभासदाला ते सांगावं लागत नसे. ती सभासद नव्हती. ती भूक लागलेल्या घरातली सून होती.

"राग नाही," ते म्हणाले, आणि ते आता खरं होतं.

दोन दिवस झाले. तिघांचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, जा घरी. सात्या होती की काय होतं, हे त्यांनाही सांगता येणार नव्हतं. रक्त एवढंच सांगत होतं की जे होतं ते गेलं. ग्रुपवर ही बातमी आधीच पोहोचली होती. उस्ताद आधी बरोबर होते आणि नंतर चुकले, असा तिथं निकाल लागला होता.

मन्सूरभाई पिकअप घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांनी मागचं फळकं पाडून ठेवलं, वर घोंगडी अंथरली. हंसाबाई आली, तिनं घोंगडीकडे पाहिलं, आणि धावजीला दंडाला धरून सरळ बसस्टँडच्या रस्त्याला लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. धावजीनं एकदा पाहिलं, आणि पाहिलं म्हणून दंडाला हिसका खाल्ला.

केतकी मात्र थांबली होती. दोन दिवसांत तिचा चेहरा उतरला होता.

"उस्ताद," ती म्हणाली, आणि मग 'काका' म्हणून तिनं स्वतःलाच सुधारलं. "काका, तो व्हिडिओ. लोक तुम्हाला काहीबाही बोलताहेत त्याच्याखाली. माझ्या फोनवरनं गेला ना तो. मी काढून टाकू का?"

मन्सूरभाईंनी फळकं वर उचललं, कडी लावली, ती बसली की नाही ते ओढून पाहिलं. श्रीकृष्णरावांना वाटलं, हो म्हणावं यानं. दोन दिवस पुरे झाले. इतकं सोसल्यावर माणसानं हो म्हटलं तर त्याला कोण नावं ठेवणार?

"आवाज साफ आला काय त्यात?" मन्सूरभाईंनी विचारलं. "म्या काय बोललो ते ऐकू येते?"

"येतं की. सगळं येतं."

"मंग राहू दे," मन्सूरभाई म्हणाले. "जाय, सासू पुढं गेली."